ईसीडब्ल्यूला टीएनएन मिळालं तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टीएनए ही अमेरिकन रेसलिंग कंपनी जानेवारी २०२६ पासून दर गुरुवारी एएमसी या केबल चॅनलवर दिसू लागलीय, एवढं मोठं चॅनल मिळाल्यावर कंपनीचे दिवस पालटणार ना? आणि चॅनल मिळालं की दिवस पालटत असतील, तर १९९९मध्ये टीएनएन हे राष्ट्रीय चॅनल मिळूनही ईसीडब्ल्यू ही छोटी रेसलिंग कंपनी दीड वर्षात कशी बुडाली?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो काळ मी डोळ्यांनी पाहिलाय. वायटूकेच्या लाटेत कंपनीने मला न्यू जर्सीला पाठवलं होतं. एडिसनमध्ये आम्ही चार मराठी मुलं एका फ्लॅटवर राहायचो. चौघंही डब्ल्यूडब्ल्यूएफच्या (म्हणजे आताच्या डब्ल्यूडब्ल्यूईच्या) ट्रम्प कार्डांवर वाढलेले. शुक्रवारी रात्री आठला इकडे भाताच्या कुकरची शिट्टी व्हायची आणि तिकडे टीएनएनवर ईसीडब्ल्यू सुरू व्हायचं.

पहिल्यांदा लावलं तेव्हा टीव्हीच बिघडलाय असं वाटलं. डब्ल्यूडब्ल्यूएफचा झगमगाट कुठेच नाही. हॉल अंधारलेला, पडदा काळपट, आणि लोक रिंगला इतके खेटून बसलेले की रेसलर कठड्यावरून पडला तर थेट त्यांच्या मांडीवर. कॉमेंटरीला जोई स्टाइल्स, श्वास न घेता बोलणारा. पंधरा मिनिटांनी आमच्यातला एक जण म्हणाला, "अरे, हे लोक खरंच जीव तोडून करतायत." तो त्यानंतर एकही शुक्रवार चुकला नाही.

मागची गोष्ट दोन ओळींत सांगतो. दक्षिण फिलाडेल्फियातल्या एका बिंगो हॉलमध्ये वाढलेली ही कंपनी. २७ ऑगस्ट १९९४ला तिचा रेसलर शेन डग्लसने एनडब्ल्यूए या जुन्या रेसलिंग संघटनेचा बेल्ट जिंकून तिथल्या तिथे जमिनीवर टाकला आणि 'ईस्टर्न'ची 'एक्स्ट्रीम' चॅम्पियनशिप रेसलिंग झाली. पॉल हेमन तिचा कर्ताधर्ता. बरोबर पाच वर्षांनी, २७ ऑगस्ट १९९९ला, टीएनएनवर पहिला भाग लागला. त्यात रॉब व्हॅन डॅम आणि जेरी लिन यांची मे महिन्यातल्या 'हार्डकोअर हेवन' या शोमधली मॅच दाखवली होती. ही जोडी लक्षात ठेवा.

आता मुख्य मुद्दा. लोकांना वाटतं टीव्हीचा करार म्हणजे पैसा आला. ईसीडब्ल्यूच्या बाबतीत करारामुळे पैसा बाहेर गेला. कार्यक्रम बनवायचा खर्च कंपनीचा. आधी स्थानिक चॅनलवर मध्यरात्री चालून जायचं तसलं काम राष्ट्रीय चॅनलवर चालत नाही: जास्त कॅमेरे, चांगली प्रकाशयोजना, दर आठवड्याला ठरल्या वेळी तयार टेप, त्यासाठी सतत गावोगाव फिरणं. आणि चॅनलकडून कार्यक्रमाची जाहिरात जवळजवळ नाहीच. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच. त्यात पे-पर-व्ह्यूची, म्हणजे प्रेक्षक वेगळे पैसे भरून घरी बघतात त्या शोची, कमाई केबलवाल्यांकडून हातात पडायला महिनोन् महिने लागायचे, पगार मात्र आज द्यायचे. चेक वटत नाहीत ही तक्रार तेव्हाच सर्वत्र होती.

चॅनलही कसलं? टीएनएन म्हणजे 'द नॅशव्हिल नेटवर्क'. कंट्री संगीत, मोटार शर्यती, आणि शुक्रवारी शेजाराला रोलर स्केटिंगचा रोलरजॅम. तिथल्या प्रेक्षकाला रक्त आणि शिव्या नको होत्या, आणि ईसीडब्ल्यूचा जुना प्रेक्षक त्याचसाठी यायचा. हेमनने हे भांडण उचलून थेट गोष्टीतच घातलं. सायरस नावाचं पात्र 'नेटवर्कचा माणूस' म्हणून आणलं, तो येऊन सगळ्यांना दटावायचा. माझ्या मते त्या काळातलं हे सगळ्यात खरं लिखाण होतं, आणि त्याच कारणाने धोक्याचंही, कारण दर आठवड्याला आपण आपल्याच घरमालकाला शिव्या घालत होतो.

पण खर्चापेक्षा मोठा घाव दुसरीकडे बसला. राष्ट्रीय टीव्हीवर आलं की तुमची माणसं सगळ्यांना दिसतात, मोठ्या कंपन्यांनाही. डडली बॉइज ही जोडी पहिला भाग लागण्याआधीच डब्ल्यूडब्ल्यूएफच्या वाटेला लागले होते. चॅम्पियन टॅझचं टायटल १९ सप्टेंबरला 'अनार्की रुल्झ' या शोमध्ये माइक ऑसमकडे गेलं आणि मग टॅझही डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये गेला. म्हणजे नव्या प्रेक्षकाने नाव पाठ करावं तोवर माणूस निघालेला.

आणि मग एप्रिल २०००. ऑसम ईसीडब्ल्यूचा चॅम्पियन असतानाच डब्ल्यूसीडब्ल्यू या दुसऱ्या मोठ्या कंपनीच्या 'नायट्रो' कार्यक्रमात जाऊन उभा राहिला. वकिलांपर्यंत गेल्यावर ठरलं की त्याने येऊन बेल्ट हरायचा. १३ एप्रिलला इंडियानापोलिसमध्ये तो आला आणि हरला कुणाकडून? टॅझकडून, जो तोवर डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पगारावर होता. एका रिंगमध्ये डब्ल्यूसीडब्ल्यूचा माणूस, डब्ल्यूडब्ल्यूएफचा माणूस आणि मध्ये ईसीडब्ल्यूचा बेल्ट! आम्ही चौघं नुसते ओरडत होतो. हा प्रसंग हेमनच्या डोक्याची कमाल म्हणून सांगितला जातो, आणि ती आहेच. मला मात्र तेव्हा पोटात गोळा आला होता. आपला बेल्ट आपल्या घरात ठेवायला कंपनीकडे आपला माणूस उरला नव्हता. पुढच्या आठवड्यात तोच बेल्ट घेऊन टॅझ डब्ल्यूडब्ल्यूएफच्या स्मॅकडाउन कार्यक्रमात ट्रिपल एचकडून हरला. २२ एप्रिलला टॉमी ड्रीमरने फिलाडेल्फियात तो परत मिळवला आणि त्याच रात्री जस्टिन क्रेडिबलला गमावला.

शेवटी टीएनएनला रेसलिंग हवंच होतं, पण मोठ्या कंपनीचं. २५ सप्टेंबर २०००ला डब्ल्यूडब्ल्यूएफचं 'रॉ' तिथे सुरू झालं आणि ६ ऑक्टोबरला ईसीडब्ल्यूचा शेवटचा भाग लागला. तीन वर्षांचा करार जेमतेम तेरा महिने टिकला.

७ जानेवारी २००१ला मॅनहॅटनच्या हॅमरस्टाइन बॉलरूममध्ये ईसीडब्ल्यूच्या 'गिल्टी अॅज चार्ज्ड' शोला मी बाल्कनीत होतो. हा शेवटचा पे-पर-व्ह्यू ठरणार हे कुणी जाहीर केलं नव्हतं. जेरी लिन रिंगमध्ये उभा होता, बाजूला तोच सायरस, आणि अचानक व्हॅन डॅमचं संगीत वाजलं. तो काही महिने आलेला नव्हता. लाकडी बाल्कनी पायांखाली थरथरत होती, हे अजून तळव्यांना आठवतं. टीएनएनच्या पहिल्या रात्री दाखवलेली जोडीच त्या रात्री शेवटची लढली. आठवड्याने आर्कान्सातल्या पाइन ब्लफला शेवटचा शो झाला आणि एप्रिलमध्ये दिवाळखोरीचा अर्ज. त्यात देणी सुमारे ८९ लाख डॉलर, मालमत्ता सुमारे १४ लाख, आणि त्यातलेही ८ लाख ६० हजार इतरांकडून यायचे बाकी.

म्हणून "टीएनएनने ईसीडब्ल्यू मारली" हे मला अर्धंच पटतं. कर्ज आधीपासून होतं. टीएनएनने खर्च वाढवला, माणसं मोठ्या कंपन्यांच्या नजरेत आणली आणि वेळ संपवली.

आता टीएनए. गंमत म्हणजे त्यांना २००५मध्ये मिळालेलं स्पाइक हे तेच जुनं टीएनएन, नाव बदललेलं. पण या वेळी वारं उलटं होतं. डब्ल्यूडब्ल्यूई ते चॅनल सोडून चाललं होतं, चॅनलला रेसलिंगची गरज होती आणि टीएनएच्या मागे पांडा एनर्जी या मालक कंपनीचा पैसा होता. १ ऑक्टोबर २००५पासून २०१४ अखेरपर्यंत ते टिकले. २०१०मध्ये सोमवारी 'रॉ'च्या समोर, त्याच वेळेला, जाण्याचा हट्ट केला, तो मात्र दोन महिन्यांत गुंडाळून मेमध्ये गुरुवारी परतावं लागलं.

त्याच टिकण्यातून आपल्याकडे टीएनएचा 'रिंग का किंग' हा रेसलिंगचा कार्यक्रम आला. २०१२मध्ये कलर्सवर लागलेल्या त्या २६ भागांचं चित्रीकरण पुण्यात बालेवाडीला झालं होतं, टीएनएचा संस्थापक जेफ जॅरेट स्वतः हजर. तोवर मी पुण्यात परतलो होतो. एका दिवशी प्रेक्षकांत बसलो, तर शेजारचा कॉलेजातला मुलगा रेसलर सोंजय दत्तची प्रत्येक उडी मोजत होता. एकच सीझन होऊन ते बंद झालं, याचं मला अजून वाईट वाटतं.

तर एएमसीबद्दल माझं मत: टीएनएची अवस्था ईसीडब्ल्यूसारखी नाही. मालक अँथम ही माध्यम कंपनी आहे, आणि २०१९पासून ते अँथमच्याच एएक्सएसवर, म्हणजे घरच्याच चॅनलवर होते. त्यानंतर आता पुन्हा दुसऱ्याच्या घरात चाललेत. मी पहिल्या भागांचे प्रेक्षकांचे आकडे पाहणार नाही. एएमसीच्या गाजलेल्या मालिकांच्या मधल्या जाहिरातींत टीएनएचा प्रोमो लागतो का, ते पाहीन. आणि ज्यांना पुढे आणलंय त्यातले वर्षभराने किती जण डब्ल्यूडब्ल्यूईत न जाता तिथेच असतात, ते. डब्ल्यूडब्ल्यूईच्या एनएक्सटी या कार्यक्रमाशी त्यांच्या रेसलरांची ये-जा चालू असल्यामुळे मला काळजी आहे ती या दुसऱ्या गोष्टीची.