ब्लड बँकेत नवीन लागलायस ना, मग आधी फ्रीज सांभाळायला शिक

अभिनंदन रे! एटीपी, डीपीजी वगैरे पेशींच्या आतली रसायनं आत्ता राहू दे, पहिल्या महिन्यात एकच आकडा डोक्यात ठेव, लाल पेशींच्या फ्रीजचं तापमान २ ते ६ डिग्री. थंडीत लाल पेशींचं काम मंदावतं, साखर हळू संपते, म्हणून तर पिशवी सीपीडीए मध्ये (रक्त गोठू न देणारं, साखर असलेलं द्रावण) ३५ दिवस आणि सॅगएम (लाल पेशी जास्त टिकवणारं द्रावण) घातलं तर ४२ दिवस टिकते. गरम झालं की पेशी लवकर थकतात आणि चुकून जंतू शिरले असतील तर त्यांची चंगळ.

नवीन मुलं हमखास करतात त्या चुका:

- "जास्त थंड म्हणजे जास्त चांगलं" हे डोक्यातून काढ. गोठलं की पेशी फुटतात, पिशवी सरळ बाद. बॉक्समध्ये बर्फ पिशवीला चिकटवून ठेवू नको, मध्ये पुठ्ठा तरी घाल. वाटेत १० डिग्रीच्या वर जाता कामा नये.
- फ्रीजचं दार उघडं टाकून लेबलं वाचत बसणं. (मीपण केलंय, अलार्म वाजला आणि सगळा स्टाफ माझ्याकडे बघायला लागला!)
- प्लेटलेट लाल पेशींसोबत ठेवणं. त्यांना २० ते २४ डिग्री लागतात, तेही हलत्या ट्रेवर.
- वॉर्डातून परत आलेली पिशवी न विचारता आत ढकलणं. किती वेळ बाहेर होती ते आधी विचार, अर्ध्या तासाच्या वर गेली असेल किंवा कुणाला नीट सांगताच येत नसेल तर स्टॉकमध्ये घ्यायची नाही, सिनियरला दाखव.

आणि तापमानाच्या रजिस्टरमध्ये अंदाजे ४ लिहू नको, थर्मामीटर बघून लिही.