कर्बोदकं बंद केली तरी रक्तात साखर येते कुठून?

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत. कर्बोदकं खाणं पूर्ण थांबवलं तरी रक्तातली साखर का टिकते? अंगावर एवढी चरबी असताना शरीर तिचीच साखर का करत नाही? आणि रात्री काही न खाता सकाळी साखर वाढलेली कशी दिसते? तिन्हींचं मूळ एकच आहे: यकृत कर्बोदकांशिवायही ग्लुकोज, म्हणजे रक्तातली साखर, तयार करतं. या प्रक्रियेला ग्लुकोनिओजेनेसिस म्हणतात. मुख्य काम यकृताचं, थोडं मूत्रपिंडांचं. उपवास खूप लांबला की मूत्रपिंडांचा वाटा बराच वाढतो.

आधी गरज किती ते पाहू. मेंदूला दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. तांबड्या रक्तपेशींत मायटोकॉन्ड्रिया (पेशीतले इंधन जाळणारे भाग) नसतातच, त्यामुळे त्यांना ग्लुकोजशिवाय दुसरं काही चालत नाही. ही सगळी गरज धरली की आकडा १६० ग्रॅमच्या आसपास जातो. आणि शिल्लक किती? सगळ्या रक्तात मिळून विरघळलेलं ग्लुकोज जेमतेम ४-५ ग्रॅम, म्हणजे एक चमचा. यकृतातलं ग्लायकोजेन (ग्लुकोजचा साठवलेला प्रकार) ७५ ते १०० ग्रॅम. स्नायूंत याच्या चौपट ग्लायकोजेन असतं खरं, पण स्नायूंकडे ग्लुकोज-६-फॉस्फटेज हे एन्झाइम नाही. फॉस्फेट चिकटलेलं ग्लुकोज पेशीबाहेर पडू शकत नाही, म्हणून स्नायूंचा साठा स्नायूंनाच वापरावा लागतो. यकृताचा साठा पूर्ण उपवासात साधारण एका दिवसात संपत येतो. मात्र यकृत तो संपायची वाट पाहत बसत नाही. रात्रभर उपाशी राहिल्यावर सकाळी रक्तात येणाऱ्या ग्लुकोजपैकी बराच भाग, निम्म्याच्या आसपास, नव्याने बनवलेला असतो.

हे बनतं तीन गोष्टींपासून: लॅक्टेट (ग्लुकोज अर्धवट मोडल्यावर उरणारं), काही अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) आणि ग्लिसरॉल (चरबीचा एक भाग).

लॅक्टेट तांबड्या पेशी आणि राबणारे स्नायू रक्तात सोडतात, यकृत ते उचलून पुन्हा ग्लुकोज करून परत पाठवतं. हे कोरी चक्र. कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याला १९४७ चं नोबेल मिळालं ते ग्लायकोजेनवरच्या कामासाठी. या चक्रातून शरीराला नवीन कार्बन मिळत नाही, जुनाच फिरत राहतो. म्हणून उपवासात खरी भर पडते ती अमिनो आम्लांची आणि ग्लिसरॉलची.

अमिनो आम्लांत ॲलनिन महत्त्वाचं. त्याचा प्रवास बघा. स्नायूतलं प्रथिन मोडलं की सुटलेला अमिनो गट (नायट्रोजन असलेला भाग) पायरुवेटवर, म्हणजे ग्लुकोज मोडून होणाऱ्या तीन कार्बनच्या रेणूवर, चढवला जातो, ॲलनिन तयार होतं आणि रक्तात येतं. यकृतात तो गट उतरवला जातो. नायट्रोजन युरिया होऊन लघवीवाटे जातो, आणि हातात उरतं तीन कार्बनचं पायरुवेट. ग्लुटामिन मुख्यतः मूत्रपिंडात वापरलं जातं. ल्युसिन आणि लायसिन या दोघांपासून मात्र ग्लुकोज होत नाही. ते का, हे चरबीच्या मुद्द्यात कळेल.

आता पायरी-पायरीने. ग्लुकोज मोडून पायरुवेट होतं त्या वाटेवर दहा पायऱ्या आहेत. त्यांतल्या सात उलट्याही चालतात. तीन एकदिशा आहेत, तिथे यकृताला वळसा घ्यावा लागतो.

पहिला वळसा सगळ्यांत अवघड. पायरुवेट मायटोकॉन्ड्रियात जातं, तिथे पायरुवेट कार्बोक्सिलेज हे एन्झाइम बायोटिन या जीवनसत्त्वाच्या मदतीने, एक एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्चून, त्याला एक कार्बन जोडतं. तीनाचे चार कार्बन झाले: ऑक्झॅलोॲसिटेट. पण हा रेणू मायटोकॉन्ड्रियाचं आतलं आवरण ओलांडू शकत नाही. म्हणून त्याचं मॅलेट करतात, मॅलेट बाहेर येतं आणि बाहेर पुन्हा ऑक्झॅलोॲसिटेट होतं. वेळखाऊ वाटतं, पण यात एक मोठा फायदा आहे: मॅलेटबरोबर एनएडीएच (इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू) हेही बाहेर येतं, आणि पुढे एका पायरीवर तेच लागतं. मग पीईपीसीके हे एन्झाइम जीटीपी (एटीपीसारखंच चलन) खर्चून फॉस्फोइनॉलपायरुवेट बनवतं आणि मघाशी जोडलेला तोच कार्बन कार्बन डायऑक्साइड म्हणून काढून टाकतं. जोडला कशाला मग? कारण तो सुटताना जो जोर मिळतो, त्यावर ही पायरी चढता येते. मला या सगळ्या प्रक्रियेत हीच जागा सगळ्यांत सुंदर वाटते.

बाकीचे दोन वळसे सोपे आहेत. फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फटेज एक फॉस्फेट काढतं, आणि अगदी शेवटी ग्लुकोज-६-फॉस्फटेज दुसरं. ग्लुकोज मोकळं होऊन रक्तात उतरतं.

खर्च मोजा. दोन पायरुवेटपासून एक ग्लुकोज करायला ४ एटीपी, २ जीटीपी आणि २ एनएडीएच लागतात. तेच ग्लुकोज पुन्हा पायरुवेटपर्यंत मोडलं तर ते २ एनएडीएच परत मिळतात, पण एटीपी फक्त २. म्हणजे यकृत तोट्यात काम करतं, मेंदू आणि रक्तपेशी चालू राहाव्यात म्हणून. हा तोटा भरून काढते ती चरबी.

इथे तुमचा दुसरा प्रश्न येतो. चरबीचा रेणू म्हणजे एका ग्लिसरॉलला जोडलेली तीन मेदाम्लं. ग्लिसरॉलपासून ग्लुकोज होतं, दोन रेणूंपासून एक. ते मधल्या पायरीवर आत शिरतं, त्यामुळे पहिल्या अवघड वळशाची गरजच पडत नाही. पण चरबीच्या वजनात ग्लिसरॉल असतं फक्त दहावा हिस्सा. दिवसाला १६० ग्रॅम चरबी वितळली तर ग्लिसरॉल मिळतं १६ ग्रॅम.

मेदाम्लांचे दोन-दोन कार्बनचे तुकडे होतात, तो ॲसिटिल-कोए. पायरुवेटपासून ॲसिटिल-कोए होण्याची पायरी एकदिशा आहे, मागे येता येत नाही. सिट्रिक आम्ल चक्रातून (मायटोकॉन्ड्रियातल्या इंधन जाळण्याच्या चक्रातून) फिरवून आणावं म्हटलं तर हिशेब करा: दोन कार्बन चारमध्ये मिळाले, सहा झाले, एका फेरीत दोन कार्बन डायऑक्साइड म्हणून गेले, उरले पुन्हा चारच. दोन आले, दोन गेले, हाती काही नाही. ल्युसिन आणि लायसिनही याच वाटेने जातात, म्हणून तेही बाद. उगवणाऱ्या बियांकडे ही गळती टाळणारी ग्लायऑक्झिलेट चक्राची वाट असते, आपल्याकडे नाही. मेदाम्लात खुणेचा कार्बन घालून पाहिलं तर तो ग्लुकोजमध्ये सापडतो, आणि त्यावरून गैरसमज होतो. अणूंची अदलाबदल होते, पण भर पडत नाही. विषम संख्येच्या मेदाम्लांचे शेवटचे तीन कार्बन आणि उपवासात तयार होणारं थोडं ॲसिटोन हे अपवाद आहेत, पण त्यांचा वाटा किरकोळ.

म्हणून नेमकं सांगायचं तर चरबी या कामाला इंधन पुरवते, कच्चा माल नाही. शिवाय तिचं ॲसिटिल-कोए पायरुवेट कार्बोक्सिलेजला चालना देतं. ते नसलं तर पहिला वळसाच जवळजवळ बंद पडतो. याचा पुरावा एमसीएडी या एन्झाइमच्या जन्मजात कमतरतेत दिसतो. मुलाला मध्यम लांबीची मेदाम्लं जाळता येत नाहीत. एरवी ते ठणठणीत असतं, पण तापात जेवण सुटलं की साखर कोसळते, आणि उपवास असूनही कीटोन (यकृत चरबीपासून बनवतं ते पर्यायी इंधन) मात्र अपेक्षेपेक्षा फारच कमी सापडतात.

मग स्नायू किती झिजतात? पूर्ण उपवासाच्या सुरुवातीला दिवसाला ७५ ग्रॅमच्या आसपास प्रथिन मोडतं. स्नायूत प्रथिन साधारण पाचवा हिस्सा, म्हणजे रोज पावकिलोहून जास्त स्नायू. हे फार दिवस परवडणारं नाही. काही आठवड्यांत मेंदू कीटोनवर चालायला शिकतो, त्याची ग्लुकोजची गरज १२० वरून ४० ग्रॅमपर्यंत येते आणि प्रथिनाची मोडही २० ग्रॅमच्या आसपास उतरते. जे फक्त कर्बोदकं सोडतात आणि पुरेसं प्रथिन खातात, त्यांना कच्चा माल ताटातूनच मिळतो. १०० ग्रॅम प्रथिनापासून जास्तीत जास्त ५५-६० ग्रॅम ग्लुकोज होऊ शकतं, प्रत्यक्षात बरंच कमी होतं.

या प्रक्रियेतल्या बिघाडांपैकी दारूमुळे होणारा सगळ्यांना माहीत असायला हवा. दारू मोडताना यकृतात एनएडीएचचा पूर येतो. त्यामुळे पायरुवेट लॅक्टेटकडे आणि ऑक्झॅलोॲसिटेट मॅलेटकडे ढकललं जातं, पहिल्या वळशाला मालच उरत नाही. दिवसभर उपाशी राहून भरपूर प्यायलेल्या माणसाची साखर धोकादायक उतरू शकते, आणि लोक समजतात चढलीय. अशा वेळी ग्लुकागॉन या साखर वाढवणाऱ्या हॉर्मोनचं इंजेक्शन फारसं कामाचं नाही, कारण ते मुख्यतः ग्लायकोजेन मोडतं आणि ते आधीच संपलेलं असतं. ग्लुकोजच द्यावं लागतं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही न घालता शिरेतून.

आता सकाळची साखर. इन्सुलिन यकृताला थांब म्हणतं. ग्लुकागॉन, कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनलिन चल म्हणतात. टाइप २ मधुमेहात यकृत इन्सुलिनचं नीट ऐकत नाही, त्यात पहाटे कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हॉर्मोन वाढतात. म्हणून रात्रीचं जेवण टाळूनही सकाळचा आकडा चढलेला दिसतो. तो आकडा जेवणाचा नसतो, यकृताचा असतो. मेटफॉर्मिनचा मुख्य परिणाम यकृतावरच आहे, ग्लुकोजचं हे उत्पादन कमी करणं. आणि टाइप १ असलेल्याने आजारपणात जेवण जात नाही म्हणून दीर्घकाळ टिकणारं इन्सुलिन स्वतःहून बंद करू नये. पोट रिकामं असलं तरी यकृत ग्लुकोज आणि कीटोन दोन्ही बनवत राहतं. अशा दिवशी साखर आणि कीटोन दर काही तासांनी तपासा आणि डोस डॉक्टरांना विचारूनच बदला.