पिंग नंतर, आधी वायर बघ

बाबू, ओएसआयचे, म्हणजे नेटवर्कच्या कामाचे, सात थर पाठ केलेस, चांगलं केलंस. पण उद्या घाटंजीकडच्या एखाद्या गावात कॉल आला तर खालून सुरुवात करायची. आधी लाइट, मग वायर, मग आयपी, म्हणजे मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता.

एका कापसाच्या जिनिंगमध्ये मी अख्खी दुपार राउटरच्या सेटिंगशी झोंबत बसलो होतो. शेवटी कळलं, ऑफिसपासून वजनकाट्यापर्यंत केबल सव्वाशे मीटरच्या वर ओढलेली. तांब्याच्या इथरनेट केबलची हद्द 100 मीटर. मध्ये नेटवर्कचा स्विच टाकला, काम झालं. मालकानं चहाही पाजला नाही, ते सोड.

क्रिम्पिंगला, म्हणजे केबलच्या टोकाला प्लग बसवायला, हात बसू दे. आतल्या तारांचा क्रम असा: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. हिरव्याची जोडी मध्ये फुटते, नवखे तिथंच चुकतात. जोड्या सलग घातल्या तरी टेस्टरचे आठही दिवे लागतात, पण स्पीड मरते. मग शोधत बस.

आयपी 169.254 नं सुरू होत असेल तर डीएचसीपीनं, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या सेवेनं, पत्ता दिलेलाच नाही, मशीननं आपल्या मनानं घेतला. पत्ता ठीक असेल तर आधी राउटरला पिंग कर, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का बघ, मग इंटरनेटवरच्या गूगलच्या 8.8.8.8 ला. दोन्ही चालतात अन् साइट उघडत नाही? डीएनएस बघ, साइटच्या नावावरून पत्ता तोच शोधून देतो.

अन् हो, मृगाचे ढग दाटायच्या आत छतावरून येणारी केबल काढून ठेवायला सांगून ये. नुसतं मेन स्विच बंद करून भागत नाही, आभाळातली वीज केबलमधूनही आत शिरते.