वेगळं सॉफ्टवेअर न टाकता कुठल्याही कॉम्प्युटरवर चालेल अशी व्हिडिओ डिस्क कशी बनवायची?

आईच्या पंचाहत्तरीचं शूटिंग नातेवाइकांना डिस्कवर द्यायचंय आणि स्टुडिओवाला म्हणतो, "डीव्हीडी करून देतो, कुठंही चालते." नाही चालत. नागपुरात सीताबर्डीवरच्या एका स्टुडिओत मी लग्नांचं एडिटिंग करायचो, तिथं हेच वाक्य रोज गिऱ्हाइकाला सांगितलं जायचं.

नागपुरातल्याच महाल भागातले एक काका होते. मुलीच्या लग्नाची डीव्हीडी त्यांच्या घरच्या टीव्हीवर झकास चालली. मुलगी बंगलोरला, तिच्याकडे ऑफिसचा विंडोज ८ चा लॅपटॉप. तिथं काहीच दिसेना. तिनं डिस्क उघडून पाहिली तर दोन फोल्डर, त्यातलं 'ऑडिओ_टीएस' रिकामं. काका तडक काउंटरवर. "आवाजाचं फोल्डर कोरंच ठेवलं ना भाऊ तुम्ही! पैसे तर पूर्ण घेतले." ते फोल्डर व्हिडिओ डीव्हीडीत रिकामंच असतं, आवाज चित्रासोबत व्हीओबी फायलींत असतो, हे मी समजावत होतो तेवढ्यात मालक आतून म्हणाले, "व्हीएलसी प्लेअरचं सॉफ्टवेअर टाकून घ्या म्हणा." ऑफिसच्या लॅपटॉपवर ती पोरगी काय टाकणार? मी एमपी४ ही एकच व्हिडिओ फाइल करून ती साध्या डेटा डिस्कवर, म्हणजे पेन ड्राइव्हवर फाइल टाकावी तशी, टाकून दिली. ती लावल्याबरोबर चालली.

मालकांना तरी पटलं नाही. "डीव्हीडीच्या मेनूत झेंडूच्या माळा, नवरा-नवरीचं नाव, लोक त्याचे पैसे देतात." लोक लग्न पाहायचे पैसे देतात, हे मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणतो.

कारण साधं आहे. डीव्हीडीतलं चित्र एमपेग-२ पद्धतीनं दाबून भरलेलं असतं, ते उलगडायला डीकोडर लागतो. विंडोज एक्सपीत तो मुळात नव्हता, आणि २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हा मीडिया प्लेअरमधून डीव्हीडी चालवणंच काढून टाकलं. जुनी व्हीसीडी म्हणूनच बिनबोभाट चालायची, तिचा एमपेग-१ विंडोजला आधीपासून येत होता. पण ३५२ बाय २८८ पिक्सेलचं चित्र आज कोणी पाहणार नाही.

तर एमपी४ करा. फाइल बनवताना व्हिडिओचा फॉरमॅट एच.२६४ आणि आवाजाचा एएसी निवडा. मोबाइलचं एचईव्हीसी या नव्या फॉरमॅटमधलं शूटिंग तसंच्या तसं टाकू नका, विंडोजवर अडकतं. दीड तासाच्या व्हिडिओला बिटरेट (दर सेकंदाचा डेटा) ५ एमबीपीएस ठेवला तर फाइल साधारण ३.४ जीबी होते, ४.७ जीबीच्या डिस्कवर आरामात बसते. कोरी डिस्क घातल्यावर विंडोज दोन पर्याय विचारतं, त्यात पेन ड्राइव्हसारखा वापर नको, सीडी-डीव्हीडी प्लेअरवाला घ्या.

हो, एखाद्या मावशीकडे टीव्हीखाली जुना डीव्हीडी प्लेअर असेल तर त्यावर हे बहुधा चालणार नाही, तिच्यासाठी मेनूवाली वेगळी करून घ्या. नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो, त्यांना पेन ड्राइव्ह द्या. आणि स्टुडिओवाल्यानं हट्ट धरला तर पैसे देण्याआधी डिस्क तुमच्या लॅपटॉपवर लावून दाखवायला सांगा. त्याच्या कॉम्प्युटरवर व्हीएलसी असतंच.