डेटा इज की डेटा आर? आणि मग स्टॅमिनाचं काय?

प्रश्न असा आलाय की प्रबंधाच्या गाईड 'डेटा आर' लिहायला सांगतात, ऑफिसात साहेब तेच खोडून 'डेटा इज' करतात, तर बरोबर कोण?

डेटाचा अर्थ सांगत बसत नाही. लॅटिनमध्ये 'डेटम' म्हणजे दिलेली गोष्ट, 'डेटा' तिचं अनेकवचन, धातू आपल्या 'दत्त'मधला 'दा' तोच. पण एवढ्याच भांडवलावर 'डेटा इज' लिहिणाऱ्याला अडाणी ठरवणारे भेटतात ना, त्यांचा खरंच राग येतो. 'अजेंडा' पण लॅटिनमध्ये अनेकवचनीच होता, मग मीटिंगच्या नोटिशीत 'अजेंडा आर' का नाही लिहीत?

आणि 'स्टॅमिना'? तो तर 'स्टेमेन'चं अनेकवचन! स्टेमेन म्हणजे मागावरचा ताणा, उभे धागे. फुलातल्या पुंकेसराचं इंग्रजी नाव याच धाग्यांवरून पडलं. रोमन लोक मानायचे की तीन देवता माणसाच्या आयुष्याचा धागा काततात, मोजतात आणि वेळ आली की तोडतात, त्या धाग्यालाही स्टेमेनच म्हणायचे. म्हणजे स्टॅमिना हे जन्मासोबत मिळालेले आयुष्याचे धागे, पुढे इंग्रजीत त्याचा अर्थ दम, चिवटपणा असा झाला आणि शब्द मुकाट एकवचनी झाला. यातला धातू उभं राहण्याचा, म्हणजे आपला 'स्था'. आता बघा, त्याच धातूला तोच जुना प्रत्यय लागून संस्कृतात शब्द झाला 'स्थामन्', अर्थ बळ. आणि तो आपल्या रोजच्या ओळखीच्या नावात बसलाय: अश्वत्थामा! अश्व अधिक स्थामन्, घोड्याचा स्टॅमिना असलेला, अक्षरशः.

आदिपर्वात वेगळं कारण दिलंय, जन्मल्याबरोबर पोर घोड्यासारखं खिंकाळलं म्हणून हे नाव, आणि त्यासाठी तिथे 'स्थाम'चा अर्थ आवाज असा लावतात. मला हे अजिबात पटत नाही. नाव आधीचं आणि खिंकाळण्याची गोष्ट त्यावरून नंतर रचलेली, असं माझं ठाम मत आहे. ज्याच्या आयुष्याचा धागा तुटतच नाही अशा चिरंजीवाच्या नावात हा शब्द असावा, याहून नेमकं काय पाहिजे!

असो, डेटा. बघायचं एवढंच की एकवचनी रूप इंग्रजीत रोजच्या वापरात जिवंत आहे का. 'क्रायटेरियन' जिवंत आहे, म्हणून 'धिस क्रायटेरिया' ही चूकच, आणि ती मी इतक्या वेळा ऐकतो की कान किटलेत. 'डेटम' मात्र आता मुख्यतः जमीन मोजणाऱ्या सर्व्हेवाल्यांकडे उरलाय, आणि ते त्याचं अनेकवचन 'डेटम्स' करतात, डेटा नाही! उरलेला डेटा साखरेसारखा, पिठासारखा झालाय, मोजायचा नाही, मापायचा. 'डेटा आर'चा आग्रह धरणारेसुद्धा बोलताना 'हाऊ मच डेटा' म्हणतात, 'हाऊ मेनी' नाही, तिथे त्यांचं लॅटिन कुठे जातं?

तेव्हा ऑफिसात बिनधास्त 'डेटा इज'. प्रबंधाला एपीएची (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची) लेखनशैली लावलेली असेल तर तिथे अनेकवचनच मागतात, गाईडशी भांडू नका, फक्त मग शेवटपर्यंत 'दीज डेटा आर' ठेवा, मध्येच 'धिस डेटा' नको. आणि 'डेटाज' दोन्हीकडे नको, ते कुठल्याच हिशेबात बसत नाही.