वाचक विचारतात : व्याघ्रगडावर वाघ आहे का?

प्रश्न : वासोट्याला व्याघ्रगड म्हणतात. तिथे खरंच वाघ होते का? आणि ‘वासोटा’ हे नाव कुठून आलं? — एक वाचक, कराड

उत्तर : वसिष्ठ ऋषींच्या शिष्याने या डोंगरावर वस्ती केली आणि त्याला गुरूचं नाव दिलं, ‘वसिष्ठ’चा पुढे ‘वासोटा’ झाला, अशी कथा सांगतात. कथा म्हणून ऐकावी, पुरावा म्हणून धरू नये. व्याघ्रगड हे नाव शिवाजी महाराजांनी ठेवलं, असंही परंपरेने सांगतात. एका अंगाला बाबूकड्याचा तुटलेला कडा, बाकी सगळं जावळीचं किर्र रान. 1817 मध्ये पकडलेले दोन इंग्रज अधिकारी इथेच ठेवले होते. सुटले तरी पळणार कुठे?

गड आता कोयना अभयारण्यात आहे. कोयना आणि चांदोली मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. या जंगलात वाघ कॅमेऱ्यात आलेला आहे. तरी वाटेवर ठसा दिसला, तर तो बिबट्याचा असण्याचीच शक्यता जास्त.

प्रश्न : सोबत चिखलातल्या ठशाचा फोटो आहे. हाताच्या पंजाएवढा मोठा आहे. वाघाचाच ना? — एक वाचक, शिराळा

उत्तर : फोटोत ठशाशेजारी मापाला काहीच नाही, त्यामुळे आकाराबद्दल बोलता येत नाही. पुढच्या वेळी दहा रुपयांचं नाणं ठेवा, ते 27 मिलिमीटरचं असतं. मोबाइल ठशाच्या बरोबर वर धरा. तिरका धरला की ठसा लांबट दिसतो.

तुमच्या फोटोत चार बोटं आहेत, नखांचे टोचे नाहीत आणि तळव्याच्या मागच्या कडेला तीन फुगवटे आहेत. म्हणजे प्राणी मांजरकुळातला. कुत्रा किंवा कोळसून (रानकुत्रा) असता तर बोटांपुढे नखं उमटली असती. अस्वलाला पाच बोटं, आणि मागचं पाऊल थेट लहान मुलाच्या पावलासारखं.

राहिला आकार. बिबट्याचा ठसा साधारण 7 ते 9 सेंटिमीटर रुंद, पूर्ण वाढलेल्या वाघाचा 12 च्या वर. पण ओल्या चिखलात पाय रुततो, बोटं फाकतात आणि बिबट्या ‘वाघ’ होतो. शिवाय पुढच्या पायाच्या ठशावर मागचा पाय पडला की दोन्ही मिळून एकच मोठा ठसा दिसतो. म्हणून घट्ट, बारीक धुळीतला ठसा मोजावा, तोही एक नव्हे, ओळीतले चार-पाच. तुमचा ठसा लिबलिबीत चिखलातला आहे. आमचं मत बिबट्याच्या बाजूने.

प्रश्न : अंगाला जळू चिकटली तर मीठ टाकावं का? — एक वाचक, विटा

उत्तर : अंगावर नको. मिठाने जळू सुटते खरी, पण पोटातलं जखमेत ओकू शकते, मग ती जागा चिघळायची भीती. ओढून काढली तर जबड्याचा भाग आत राहू शकतो. जळवेचं निमुळतं टोक म्हणजे तोंड. तिथे नख कातडीला सपाट लावून सरकवा, मग दुसरं टोक सोडवा. रक्त बराच वेळ वाहतं, कारण ती रक्त गोठू न देणारा पदार्थ सोडते. घाबरू नका, साबणाने धुऊन दाबून धरा. पँट मोज्यात खोचली की निम्मा त्रास वाचतो.

प्रश्न : गवारेडा आणि गवा एकच का? शेकरू नेमकं कुठे शोधावं? — एक वाचक, वाई

उत्तर : प्राणी एकच, पण ‘रेडा’ चुकीचं. गवा गाय-बैलांच्या जवळचा, म्हशींच्या नव्हे. गुडघ्याखालचे पांढरे ‘मोजे’ ही त्याची खूण.

शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतं, तेव्हा मान वर करा. झाडाच्या शेंड्याकडे, बारीक फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचा फुटबॉलएवढा किंवा मोठा गोळा दिसला की ते घरटं. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधतं, त्यामुळे घरटं दिसलं म्हणून त्याखाली तासभर बसू नका. खडखडणारा मोठा आवाज आला, तर तिकडे बघा.