वाचक विचारतात : मोबाईलचा भोंगा आणि घाबरलेली गल्ली

मोबाईलवरील आपत्कालीन इशाऱ्याच्या चाचणीबाबत आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही कोल्हापुरात उत्तरेश्वर पेठेत राहतो. चाचणीच्या दिवशी घरातले सगळे फोन एकदम भोंग्यासारखे वाजू लागले. सायलेंटवर ठेवलेलाही वाजला. माझ्या वृद्ध आईने ‘पाणी आलं काय?’ असे विचारत कागदपत्रांची पिशवी माळ्यावर ठेवायला लावली. शेजाऱ्यांनी फोन हॅक झाला असे समजून सिमकार्डच काढून टाकले आणि तालमीच्या, म्हणजे गल्लीतल्या मंडळाच्या, ग्रुपवर दुपारपर्यंत ‘आता बॅटऱ्या फुटणार’ इथवर मजल गेली. नुसत्या चाचणीसाठी माणसांना इतके घाबरवणे योग्य आहे का? साध्या एसएमएसवर भागले नसते का? (निवृत्त शिक्षक)

उत्तर : आपल्या आईचे घाबरणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही, हे आधी सांगतो. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर ज्यांनी पाहिले, त्यांतल्या शेवटच्या दोन वेळी राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेलेली ज्यांनी अनुभवली, त्यांच्या लेखी पावसाळ्यात वाजणाऱ्या कोणत्याही भोंग्याचा पहिला अर्थ पंचगंगेचा पूर हाच असणार. किंबहुना त्या दिवशी गल्लीत सर्वांत शहाणपणाने त्याच वागल्या, असे आमचे मत आहे. सिमकार्ड काढणाऱ्यांनी मात्र बहुधा इशारा मिळण्याचा मार्गच बंद करून घेतला.

महाराष्ट्रात अनेकांनी हा भोंगा पहिल्यांदा ऐकला तो २० जुलै २०२३ रोजी सकाळी. आदल्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती आणि टीव्हीवर सकाळपासून त्याच बातम्या चालू होत्या. अशा वेळी फोनच्या पडद्यावर ‘इमर्जन्सी अलर्ट : सिव्हियर’ हे शब्द उमटले, तर माणूस त्याखालचा मजकूर वाचायला थांबत नाही. मजकूर खरे तर निरुपद्रवी असतो. हा दूरसंचार विभागाने पाठवलेला नमुना संदेश आहे, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या यंत्रणेची चाचणी चालू आहे, आपल्याला काहीही करायचे नाही, कृपया दुर्लक्ष करावे, असे त्या वर्षीच्या चाचणी-संदेशांत इंग्रजीत लिहिलेले असे. ठळक मथळा धोका आहे म्हणतो आणि बारीक मजकूर दुर्लक्ष करा म्हणतो, या विसंगतीचा दोष वाचणाऱ्याच्या माथी मारता येणार नाही. ‘चाचणी’ हा शब्द मथळ्यातच, मराठीत आणि सर्वांत आधी यायला हवा.

आमची खरी तक्रार आहे ती पूर्वसूचनेबाबत. ब्रिटनमध्ये २३ एप्रिल २०२३ रोजी अशीच देशव्यापी चाचणी झाली. तिचा दिवस आणि दुपारी तीनची वेळ आधीच जाहीर केलेली होती. तरीही गोंधळ व्हायचा तो झालाच. एका कंपनीच्या पुष्कळ ग्राहकांना संदेश मिळाला नाही आणि वेल्श भाषेतील मजकुरात एक शब्द चुकीचा छापला गेला. पण लोकांमध्ये चर्चा झाली ती या त्रुटींची. फोन हॅक झाला की काय, या शंकेला फारसा वाव राहिला नाही. आपल्याकडेही दूरसंचार विभागाने पत्रके काढली होती, परंतु ती उत्तरेश्वर पेठेपर्यंत पोहोचली नाहीत. ग्रामपंचायतीचा फलक, रेशन दुकान, दूध संस्था आणि तालमी यांच्यामार्फत दोन दिवस आधी निरोप फिरला असता, तर ग्रुपवरच्या बॅटऱ्या फुटल्या नसत्या. अर्थात अफवा फक्त आपल्याकडेच उठतात असेही नाही. अमेरिकेत ४ ऑक्टोबर २०२३ च्या चाचणीपूर्वी लशीचा आणि फाइव्ह-जीचा संबंध जोडून फोन बंद ठेवण्याचे सल्ले फिरत होते.

आता एसएमएसविषयी. एसएमएस एकेका नंबरवर वेगळा पाठवावा लागतो, त्यामुळे लाखो लोकांपर्यंत जायला त्याला वेळ लागतो, आणि संकटाच्या वेळी सगळेच एकमेकांना फोन लावत असल्याने तो वाटेतच अडकतो. हा भोंगा ज्या ‘सेल ब्रॉडकास्ट’ यंत्रणेतून येतो, तिची रीत जुन्या दवंडीसारखी आहे : मोबाईलचा मनोरा एकदाच संदेश सोडतो आणि त्याच्या टप्प्यातला, ही सोय असलेला प्रत्येक चालू फोन तो ऐकतो. त्यासाठी कोणाचा नंबर लागत नाही, नावाची यादी लागत नाही. त्यामुळे अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या परराज्यातील भाविकालाही तो मिळतो. मात्र आपला मुलगा पुण्यात असेल, तर कोल्हापूरचा इशारा त्याच्या फोनवर वाजणार नाही. त्याने ‘सचेत’ हे सरकारी ॲप घेऊन त्यात कोल्हापूरचे इशारे पाहावेत.

चाचणी टाळून थेट संकटातच यंत्रणा वापरावी, असे म्हणणाऱ्यांनी जर्मनीचा अनुभव पाहावा. तेथे १० सप्टेंबर २०२० च्या देशव्यापी चाचणीत ॲपवरचे इशारे वेळेवर पोहोचलेच नाहीत आणि सरकारची चांगली नाचक्की झाली. पुढच्याच वर्षी, जुलै २०२१ मध्ये, त्या देशात महापुराने शंभरावर बळी घेतले. त्यानंतर तेथे सेल ब्रॉडकास्ट आणण्याचा निर्णय झाला आणि डिसेंबर २०२२ च्या चाचणीत ती यंत्रणा प्रथम वापरली गेली. कोरड्या दिवशी उघडकीस आलेला दोष दुरुस्त करायला सवड मिळते, फक्त ती सवड वापरली पाहिजे.

प्रश्न : आम्ही कुरुंदवाडला असतो. माझा फोन वाजला, यजमानांचा वाजला नाही आणि सासूबाईंचा बटणांचा फोन तर गप्पच राहिला. मग पुराच्या वेळी यावर विसंबायचे कसे? (गृहिणी)

उत्तर : केवळ यावर विसंबू नये, असेच आम्ही सांगू. चाचण्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या जाळ्यांवर वेगवेगळ्या वेळी घेतल्या जातात, त्यामुळे एकाच घरात एक फोन वाजणे आणि दुसरा न वाजणे हे बिघाडाचे लक्षण असेलच असे नाही. फोन बंद असला, एअरप्लेन मोडवर असला किंवा रेंजच्या बाहेर असला, तर मात्र संदेश येत नाही. केंद्र सरकारने २०२३ मध्ये नियम करून नव्या फोनमध्ये ही सोय बंधनकारक केली. जुन्या आणि साध्या फोनपैकी अनेकांत ती नसते किंवा बंद असते.

आपल्या भागाचा प्रश्न आणखी वेगळा आहे. २०१९ मध्ये शिरोळ तालुक्यातील अनेक गावांत वीज गेली आणि लोकांना फोन चार्ज करण्याचीही पंचाईत झाली. मनोऱ्याची बॅटरी संपल्यावर इशारा कितीही अचूक असला, तरी तो पोहोचणार कसा? त्यामुळे गावचा भोंगा, दवंडी आणि ध्वनिक्षेपक लावून फिरणारी गाडी यांना पर्याय नाही.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. कृष्णा आणि पंचगंगा सहसा सांगून येतात. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे कोल्हापूरकराला पाठ असतात. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की पुढचा हिशेब तो स्वतःच मांडतो. म्हणून नदीकाठच्या गावांना या भोंग्यातून नवे असे थोडेच कळेल. त्याची खरी गरज आहे ती शाहूवाडी, राधानगरी, भुदरगडच्या डोंगरकुशीतल्या वाड्यांना, कारण दरड पातळी सांगत येत नाही. दुर्दैवाने रेंजची बोंबही तेथेच अधिक आहे. चाचणीचा अहवाल लिहिताना प्रशासनाने शहरात किती फोन वाजले याबरोबरच अशा वाड्यांत किती वाजले नाहीत, हेही नोंदवावे.

प्रश्न : मी राजारामपुरीतील अभ्यासिकेत होतो. शांततेत पन्नासेक फोन एकदम किंचाळले. तेव्हाच मी सेटिंग्जमध्ये जाऊन हे इशारे बंद केले. त्यात काही तोटा आहे का? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी)

उत्तर : तोटा आहे, आणि सगळ्या प्रतिक्रियांमध्ये आम्हाला हीच सर्वांत महागात पडणारी वाटते. घाबरलेला माणूस तासाभरात सावरतो. बंद केलेले बटण पुन्हा चालू करायची आठवण मात्र सहसा राहत नाही. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ‘सेफ्टी अँड इमर्जन्सी’ या भागात ‘वायरलेस इमर्जन्सी अलर्ट्स’ असा पर्याय असतो, तर आयफोनमध्ये ‘नोटिफिकेशन्स’च्या अगदी तळाशी. सापडत नसेल तर सेटिंग्जच्या शोधचौकटीत ‘अलर्ट’ असे इंग्रजीत टाइप करावे. आजच ते चालू करून घ्यावे. गाडी चालवताना भोंगा वाजला, तर आधी गाडी बाजूला घ्यावी आणि मग संदेश वाचावा.

ही सोय बंद ठेवण्याचे एकच सबळ कारण आम्हाला दिसते. घरात मारहाण सोसणाऱ्या काही स्त्रिया मदतीसाठी लपवून दुसरा फोन बाळगतात, आणि या भोंग्याने तो उघडकीला येऊ शकतो. ब्रिटनमधील महिला संघटनांनी २०२३ च्या चाचणीपूर्वी हाच धोका दाखवून दिला होता आणि इशारे कसे बंद करायचे, याची माहिती प्रसृत केली होती. आपल्याकडे या बाजूने फारसे कोणी बोललेले नाही. चाचणीची तारीख आधी जाहीर करण्याचे हेही एक महत्त्वाचे कारण आहे, कारण अशा स्त्रीला त्या दिवशी फोन पूर्ण बंद ठेवता येतो.

प्रश्न : भोंगा वाजल्यानंतर मला फोन आला, की ‘सरकारी इशारा चालू ठेवण्यासाठी ओटीपी सांगा.’ तो खरा होता का? (किराणा दुकानदार, गडहिंग्लज)

उत्तर : नाही. सेल ब्रॉडकास्टला आपला नंबर ठाऊकच नसतो, त्यामुळे इशाऱ्यानंतर त्याच कारणासाठी कोणी आपल्याला फोन करण्याचा प्रश्न येत नाही. ओटीपी दिला असेल आणि पैसे गेले असतील, तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बँकेलाही कळवावे. इशारा खरा की चाचणीचा, अशी शंका आली, तर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या १०७७ या क्रमांकावर विचारता येते.